तीन कंप्रेसर, पण तिसऱ्याची पाळी येतच नाही: वैद्यकीय हवेच्या स्वयंचलित नियंत्रणाबद्दल प्रश्न

प्रश्न: गिरणाकाठ (जळगाव जिल्हा)

सर्वांना नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका १२० खाटांच्या रुग्णालयात देखभाल विभाग सांभाळतो. आमच्याकडे व्हेंटिलेटर आणि भूलयंत्रांसाठी वैद्यकीय हवेची पाइपलाइन आहे. तिच्यासाठी प्रत्येकी १० एचपीचे तीन तेलविरहित पिस्टन कंप्रेसर, १००० लिटरची रिसीव्हर टाकी, दोन ड्रायर आणि पाइपलाइनचा दाब ४ बारवर (बार हे दाबाचे एकक) आणणारे रेग्युलेटर असा संच बसवला आहे. एक कंप्रेसर मिनिटाला सुमारे ८०० लिटर हवा देतो आणि आमची नेहमीची मागणी ४०० लिटरच्या आसपास असते.

प्रत्येक कंप्रेसरला स्वतःचा प्रेशर स्विच आहे. पहिला ७.० बारला सुरू होतो आणि ८.० ला थांबतो, दुसरा ६.५ ला सुरू होऊन ७.५ ला थांबतो, तर तिसरा ६.० ला सुरू होऊन ७.० ला थांबतो. मी कामावर रुजू झालो तेव्हा तीनही मीटरवरचे तास वहीत लिहून ठेवले. पहिला १४,२०० तास चालला होता, दुसरा २,८५० आणि तिसरा फक्त ९६. आमच्या जुन्या ऑपरेटर आबांना कारण विचारले तर ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तिसरा उठसच नही." ज्या एजन्सीने संच बसवला तिचे म्हणणे असे की तिसरा आणीबाणीसाठीच आहे, त्यामुळे तो न चालणेच योग्य.

मलाही ते पटले असते, पण गेल्या मे महिन्यात एका दुपारी वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला चार मिनिटे लागली. तेवढ्यात टाकीतला दाब ७.२ वरून ५.६ बारवर आला. जनरेटरचा पुरवठा येताच तीनही कंप्रेसरना एकाच क्षणी हाक गेली, दिवे मंदावले, कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारे-तोडणारे स्विच) खडखडले आणि तिसरा कंप्रेसर ओव्हरलोडवर ट्रिप झाला, म्हणजे जास्त प्रवाह खेचल्यामुळे आपोआप बंद पडला. रेग्युलेटरच्या पुढे ४ बार टिकून राहिल्यामुळे अतिदक्षता विभागात कोणाला काही जाणवले नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण ज्याला आम्ही आणीबाणीचा म्हणत होतो तो आणीबाणीतच उभा राहिला नव्हता.

माझा प्रश्न असा की, अनेक कंप्रेसर असलेल्या संचात स्वयंचलित नियंत्रणाने नेमके काय काय सांभाळायला हवे, आणि आमच्या पॅनेलमध्ये कुठे कमी आहे?

उत्तर १: भुसावळ_विद्युत

दादा, तुम्ही आकडे व्यवस्थित दिलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. तुमचे पॅनेल जसे बांधले आहे तसेच वागते आहे, आणि अडचण त्या बांधणीतच आहे. प्रेशर स्विच पायऱ्या-पायऱ्यांनी लावण्याच्या या पद्धतीला आमच्याकडे कॅस्केड म्हणतात. तिच्यात मागणी वाढत जाते तसतसा टाकीतला दाब खाली सरकतो, कारण तो खाली सरकल्याशिवाय पुढच्या कंप्रेसरला हाकच जात नाही. म्हणजे ज्या दिवशी रुग्ण सर्वांत जास्त, त्याच दिवशी तुमच्या टाकीत दाब सर्वांत कमी. उलट मागणी कमी असते तेव्हा पहिला कंप्रेसर ८ बारपर्यंत रेटत राहतो. त्या पट्ट्यात दाब १ बारने वाढवला की साधारण ६ ते ७ टक्के वीज जास्त लागते, आणि तुमची लाइन तर ४ बारची आहे.

यावर उपाय म्हणजे तीन स्विचऐवजी एकाच प्रेशर ट्रान्समीटरवरून (दाब सतत मोजून त्याचा विद्युत संकेत देणारे उपकरण) निर्णय घेणारा क्रम-नियंत्रक. तो छोट्या पीएलसीवर (यंत्रे चालवणारा छोटा प्रोग्रॅमेबल संगणक) तयार करता येतो किंवा तयार विकतही मिळतो. त्याचा विचार असा चालतो. दाब ठरलेल्या खालच्या हद्दीला आला की ज्याची पाळी आहे तो कंप्रेसर सुरू करायचा. ठरावीक सेकंदांत दाब वर येऊ लागला नाही तर दुसरा, मग तिसरा. दाब वेगाने घसरत असेल तर ती मुदत पूर्ण होण्याची वाट न पाहता पुढच्याला बोलवायचे. वरची हद्द आली की एकेक करून थांबवायचे. तीनही कंप्रेसर एकाच पट्ट्यात काम करतात, त्यामुळे मागणी कितीही असली तरी टाकीतला दाब त्याच हद्दीत राहतो.

पण खरा फायदा पाळी फिरवण्यात आहे, आणि तो मोटारीच्या दृष्टीने पाहा. एक कंप्रेसर ८०० देतो आणि मागणी ४०० आहे, म्हणजे चालू असताना टाकीत मिनिटाला ४०० लिटर साठतात आणि बंद असताना ४०० लिटर निघून जातात. १००० लिटरच्या टाकीत १ बारचा फरक म्हणजे १००० लिटर मोकळी (वातावरणाच्या दाबाला मोजलेली) हवा, म्हणून अडीच मिनिटे चालू, अडीच मिनिटे बंद, आणि तासाला १२ स्टार्ट. मागणी नेमकी क्षमतेच्या निम्मी असताना स्टार्ट सर्वांत जास्त होतात, आणि तुम्ही नेमके तिथेच आहात. आज हे सगळे स्टार्ट एकटा पहिला कंप्रेसर सोसतो. प्रत्येक हाकेला पाळी बदलली तर एकेका मोटारीच्या वाट्याला चारच येतात, आणि तिसरा कंप्रेसर दर तासाला आपण जिवंत असल्याचे दाखवून देतो. एनएफपीए ९९ या अमेरिकन मानकात पाळी आपोआप फिरण्याची, आणि चालू असलेला कंप्रेसर पुरा पडत नसेल तर पुढचा आपोआप सुरू होण्याची तरतूद आहे ती यासाठीच. शिवाय सर्वांत मोठा कंप्रेसर दुरुस्तीला काढला तरी उरलेल्यांनी कमाल मागणी भागवली पाहिजे, असेही ते सांगते.

नवा नियंत्रक आला की पट्टा एकदम अरुंद करायचा मोह होतो. तो आवरावा. तुमच्या टाकीवर ०.६ बारचा पट्टा ठेवला तर तासाला २० स्टार्ट होतील. ६.७ ते ७.५ असा ०.८ चा पट्टा ठेवलात तर १५ होतील, म्हणजे प्रत्येकी पाच, आणि १० एचपीच्या मोटारीला ते सोसवते. यापेक्षा अरुंद पट्टा हवा असेल तर आधी टाकी वाढवावी लागेल.

आता जनरेटरचे पाहू. १० एचपीच्या मोटारीचा पूर्ण भाराचा प्रवाह साधारण १४ ते १५ अँपिअर असतो. मोटारीला एकदम पूर्ण व्होल्टेज देणारा डायरेक्ट स्टार्टर असेल तर सुरू होताना ती त्याच्या सहापट घेते, म्हणजे तीन मोटारी मिळून अडीचशेच्या पुढे. १२५ केव्हीएचा जनरेटर पूर्ण भाराला जेमतेम १७४ अँपिअर देतो, आणि त्याच्यावर उरलेले रुग्णालयही असते. सुरुवातीला कमी व्होल्टेज देणारा स्टार-डेल्टा स्टार्टर असला तर सुरुवातीचा प्रवाह तिसऱ्या हिश्शावर येतो, पण तीन एकदम सुरू होणे तरीही चुकीचेच. पुरवठा परत आल्यावर नियंत्रकाने आपला क्रम आठवून एकेकाला दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने उठवायला हवे, आणि तेही कोणी बटण दाबण्याची वाट न पाहता. रात्री दोन वाजता रीसेटचे बटण दाबायला माणूस धावत जाईल, या भरवशावर हवा सोडता येत नाही.

उत्तर २: डाळमिल_जळगाव

मी रुग्णालयाच्या क्षेत्रातला नाही, पण आमच्या डाळमिलमध्ये सॉर्टेक्स मशीन (डाळीतले खराब दाणे वेगळे करणारे यंत्र) पूर्णपणे हवेवर चालते आणि तिथे आम्हीही तीन कंप्रेसर क्रमाने चालवतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

आमच्याकडे दोन ठरावीक वेगाचे कंप्रेसर आणि एक व्हीएफडीवरचा (मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावरचा) आहे. व्हीएफडीवाल्याने कमी-जास्त मागणी सांभाळायची आणि ठरावीक वेगाच्यांनी पायाभूत भार उचलायचा, असे ठरले होते. मात्र व्हीएफडीचा किमान ते कमाल यांमधला पल्ला ठरावीक कंप्रेसरच्या क्षमतेपेक्षा कमी निघाला. त्यामुळे मधल्या एका मागणीला दोघांपैकी कोणालाच नीट बसता येईना आणि ठरावीक कंप्रेसर सतत चालू-बंद होत राहिला. रुग्णालयात कोणी व्हीएफडी घेणार असेल तर हा पल्ला आधी तपासावा.

दुसरे म्हणजे, भुसावळच्या भाऊंशी मी पूर्ण सहमत नाही. तिघांचे तास सारखे ठेवले तर तिघांचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन रिंग एकाच सुमारास कामाला येतील. आमच्या एका हंगामात दोन यंत्रे एकाच आठवड्यात उघडावी लागली होती. एक कंप्रेसर थोडा मागे ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

उत्तर ३: सातपुडा_बायोमेडिकल

गिरणाकाठ दादा, मी धुळ्यात बायोमेडिकल अभियंता म्हणून काम करते. डाळमिलच्या दादांचा मुद्दा खरा आहे, पण त्याचे उत्तर एका कंप्रेसरला झोपवून ठेवणे हे नसावे. पाळी सगळ्यांची फिरवावी आणि ओव्हरहॉल मात्र मुद्दाम वेगवेगळ्या महिन्यांत घ्यावा, म्हणजे एखाद्याचा थोडा आधी करून घ्यावा. रुग्णालयात न चाललेल्या यंत्राची किंमत मी स्वतः पाहिली आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मी ज्या रुग्णालयात होते तिथे दुसऱ्या लाटेत हवेची मागणी काही दिवसांत अनेक पटींनी वाढली. हाय-फ्लो नेझल कॅन्युला (नाकातून जास्त प्रवाहाने ऑक्सिजन देणारी नळी) मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू देते. हवा आणि ऑक्सिजन मिसळणाऱ्या ब्लेंडरवर चालणाऱ्या यंत्रात ऑक्सिजनचे प्रमाण ६० टक्के ठेवले तर त्यातले सुमारे ३० लिटर वैद्यकीय हवेतून येतात. असे दहा रुग्ण म्हणजे ३०० लिटर, आणि व्हेंटिलेटर वेगळेच. आमच्या राखीव कंप्रेसरला हाक गेली, मोटार गुरगुरली आणि ट्रिप झाली. उघडून पाहिले तर त्याचा एनआरव्ही (हवा उलटी येऊ न देणारा एकदिशा व्हॉल्व्ह) झिरपत होता, त्यामुळे टाकीचा दाब उलटा येऊन सिलेंडरच्या डोक्यावर बसलेला होता. ज्या अनलोडरने सुरू होताना तो दाब सोडायचा, त्याची बारीक नळी धुळीने बंद झाली होती. वर्षभर तो कंप्रेसर चाललाच नव्हता, म्हणून दोनपैकी एकही दोष कोणाला दिसला नव्हता. तुमच्या तिसऱ्याचेही हेच झाले असण्याची मला दाट शंका आहे. जनरेटरला दोष देण्यापूर्वी त्याचा एनआरव्ही आणि अनलोडर उघडून पाहा.

आता नियंत्रकाबद्दल माझी काळजी सांगते. तीन स्वतंत्र स्विचची पद्धत कितीही अडाणी वाटली तरी तिच्यात एक गुण आहे. एक स्विच बिघडला तरी उरलेले दोन चालतात. सगळा निर्णय एका पीएलसीवर आणि एका ट्रान्समीटरवर सोपवला की तो गुण आपण घालवतो. आयएसओ ७३९६-१ या मानकात वैद्यकीय हवेसाठी किमान तीन स्रोत मागितले आहेत आणि एखादा भाग निकामी झाला तरी पुरवठा अखंड राहिला पाहिजे असे म्हटले आहे. तीन कंप्रेसर घेऊन त्यांचा लगाम एकाच तारेत अडकवला तर त्या तिनांना काय अर्थ उरला? म्हणून जुने प्रेशर स्विच काढून टाकू नका. ते नियंत्रकाच्या खालच्या हद्दीपेक्षा थोडे खाली, म्हणजे साधारण ६.२, ६.० आणि ५.८ बारला लावून ठेवा, आणि त्यांची तार पीएलसीमधून न नेता थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंत न्या. पीएलसी बंद पडला तर संच आपोआप जुन्या पद्धतीवर येईल. पुरवठा परत आल्यावर मात्र हेच तीन स्विच पुन्हा सगळ्यांना एकदम उठवू शकतात, म्हणून प्रत्येकाच्या मार्गात वेगवेगळ्या मुदतीचा टायमर हवाच.

ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअरचा घ्यावा. त्यात शून्य दाबालाही ४ मिलिअँपिअर वाहतात, त्यामुळे तार तुटली तर प्रवाह ४ च्या खाली जातो आणि नियंत्रकाला हा दोष आहे हे ओळखता येते. तशी व्यवस्था नसेल तर तुटलेली तार म्हणजे दाब संपला असे समजून तो तीनही कंप्रेसर चालवत बसेल.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही पॅनेलमध्ये मी आधी पाहते. प्रत्येक कंप्रेसरचा निवड-स्विच "स्वयं" वर आहे का? दुरुस्तीला आलेला माणूस तो "बंद" वर टाकतो आणि काम झाल्यावर तसाच सोडून जातो. "स्वयं" वर नसलेल्या कंप्रेसरसाठी वेगळा इशारा वाजला पाहिजे. तसाच दुसरा इशारा राखीव कंप्रेसर चालू झाल्याचा हवा. तो वाजला म्हणजे हवा संपली असे नसते, पण आपला अखेरचा राखीव वापरात आला आहे हे परिचारिकांच्या कक्षातल्या पॅनेलवरही दिसले पाहिजे. वॉर्डातला दाबाचा इशारा नेहमीच्या दाबापासून २० टक्के फरक पडला की वाजतो, म्हणजे तुमच्या लाइनवर ३.२ किंवा ४.८ बारला. तिथपर्यंत थांबलो तर हाताशी फार थोडा वेळ उरतो.

उत्तर ४: गिरणाकाठ

ताई, भाऊ, दादा, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मी अधीक्षक साहेबांची परवानगी घेऊन आणि अतिदक्षता विभागाला कळवून रविवारी सकाळी सहा वाजता चाचणी घेतली. त्या वेळी मागणी सर्वांत कमी असते, आणि व्हेंटिलेटरजवळ हवेचे सिलेंडर आधीच आणून ठेवले होते. पहिला आणि दुसरा बंद करून दाब ६.० वर येऊ दिला. तिसऱ्याची मोटार हुंकारली, बेल्ट थोडा घसरला आणि काही सेकंदांत ओव्हरलोड रिले पडला. मी लगेच पहिला सुरू करून दाब वर आणला आणि मग तिसरा उघडला. ताईंनी सांगितले तेच निघाले. एनआरव्हीच्या बैठकीवर काळा थर बसला होता आणि अनलोडरची तांब्याची नळी सांध्याजवळ पूर्ण बंद होती. त्या नळीत बारीक तार घातली तेव्हा पिठासारखी धूळ हातावर आली. आमच्या मागच्या बाजूला जिनिंग आहे, त्यामुळे मला आश्चर्य वाटले नाही.

दोन्ही भाग बदलल्यावर तिसरा पहिल्याच हाकेला उठला. आबांनी पंप खोलीच्या दारात उभे राहून त्याचा आवाज पूर्ण ऐकला.

नियंत्रकाच्या खरेदीला मंजुरी मिळेपर्यंत मी पॅनेलवर तीन स्थानांचा एक फिरता स्विच लावून घेतला आहे. कोणता प्रेशर स्विच कोणत्या कंप्रेसरला जोडायचा हे त्याच्याने बदलता येते, आणि दर सोमवारी आबा तो पुढच्या स्थानावर नेऊन वहीत सही करतात. पुरवठा परत आल्यानंतर ५, १७ आणि २९ सेकंदांनी सुरू होणारे टायमर बसवले आहेत. आता एक शंका उरली आहे. रात्री मागणी जवळजवळ नसतानाही कंप्रेसर बऱ्यापैकी चालतो. कुठे गळती आहे का?

उत्तर ५: भुसावळ_विद्युत

गळती शोधाच, पण त्याआधी ड्रायर पाहा. तुमचा ड्रायर दोन टॉवरचा, उष्णतेशिवाय चालणारा असेल, तर एका टॉवरमधले शोषक कोरडे करण्यासाठी तो कोरडी हवा बाहेर सोडतो आणि ती त्याच्या क्षमतेच्या साधारण १५ टक्के असते. ड्रायर ८०० लिटरचा असेल तर मिनिटाला १२० लिटर, रात्री मागणी असो वा नसो. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते, म्हणजे हवेच्या कोरडेपणाचे माप) मोजून त्याप्रमाणे टॉवर बदलण्याची सोय असली तर रात्री ही हवा बरीच वाचते. नवा नियंत्रक घेताना ही जोडणी त्यात मागून घ्या.

उन्हाळ्याचे मात्र वेगळे आहे. आमच्या भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. २० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे ८ टक्के विरळ असते, म्हणून तेवढीच हवा द्यायला कंप्रेसरला जास्त वेळ चालावे लागते. आफ्टरकूलरही (कंप्रेसरमधून आलेली तापलेली हवा थंड करणारा भाग) हवा पुरेशी थंड करू शकत नाही, आणि जे पाणी तिथेच गळून पडायला हवे ते वाफेच्या रूपात ड्रायरपर्यंत जाते. म्हणून उन्हाळ्यात दवबिंदूप्रमाणे टॉवर बदलण्यातली बचत फारशी मिळणार नाही, आणि ती मिळवण्यासाठी दवबिंदूच्या इशाऱ्याची हद्द कोणी सैल करू लागला तर त्याला करू देऊ नका.

त्याच उन्हामुळे आणखी एक गोष्ट पाहून घ्या. तापमान वाढले म्हणून पहिला ट्रिप झाला की नियंत्रक दुसऱ्याला बोलावतो, पण तोही त्याच तापलेल्या खोलीत उभा असतो. खोलीचा एक्झॉस्ट पंखा पहिल्या कंप्रेसरबरोबर आपोआप सुरू होतो का, आणि तो जनरेटरच्या लाइनवर आहे का, एवढे या आठवड्यात तपासा. ट्रान्समीटर बसवाल तेव्हा त्याची जागा ड्रायर आणि फिल्टरच्या पुढे, रेग्युलेटरच्या आधी निवडा. टाकीवरच बसवला तर फिल्टर चोंदून पुढचा दाब पडला तरी नियंत्रकाला टाकी भरलेलीच दिसत राहील.

उत्तर ६: गिरणाकाठ

पंखा महावितरणच्या साध्या लाइनवर निघाला, जनरेटरवर नाही. उद्या सकाळी तो बदलून घेतो. आज संध्याकाळी वहीत नोंद केली: तिसऱ्याचे तास ११८.